आयबीएस: 'आणखी काय बंद करू?' या प्रश्नाला माझं उत्तर

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. काही चुकत असेल तर सांगा. वय ३१, शाकाहारी, डोंबिवलीहून रोज लोकलने दादरला नोकरी. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतल्यावर जोराचे जुलाब झाले. ते थांबले, पण पोट काही पूर्वपदावर आलं नाही. सकाळी घर सोडेपर्यंत तीन-चार वेळा जावं लागतं. आधी कळ येते, जाऊन आल्यावर बरं वाटतं, आणि गाडीत चढलं की पुन्हा तेच. कधी ठाण्याला उतरावं लागतं, कधी कुर्ल्याला. तीन डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, एक कोलोनोस्कोपीही (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) झाली. सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी 'आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आहे, टेन्शन घेऊ नका' म्हणून गोळ्या दिल्या. मग तुम्ही वाचून वाचून दूध सोडलं, गहू सोडला, डाळी, कांदा-लसूण, तिखट सगळं सोडलं. वजन सहा किलो उतरलं, त्रास उतरला थोडासाच. आता विचारताय, आणखी काय बंद करू, कोलोनोस्कोपी पुन्हा करू का, आणि हे कायमचं बरं होतं का.

मी आहारतज्ज्ञ आहे. पोटविकारतज्ज्ञांच्या ओपीडीला जोडून बसते, त्यामुळे तुमच्यासारखे बरेच जण रोज समोर येतात. औषध लिहून देणं माझं काम नाही, त्यामुळे औषधांबद्दल जे सांगेन ते आमच्या डॉक्टरांबरोबर काम करताना पाहिलेलं आहे, इतकंच समजा. आणि माझं मत सुरुवातीलाच सांगते: तुम्ही आणखी काहीही बंद करू नये. तुमच्या बाबतीत काम उलट्या दिशेने करायचं आहे, सोडलेलं परत आणायचं आहे. तेही एकट्याने नको.

पण त्याआधी निदान. 'सगळं नॉर्मल आलं म्हणून आयबीएस' असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मग मनात कायम शंका राहते की कुणाच्या तरी नजरेतून काहीतरी निसटलंय. आयबीएसचं निदान लक्षणांवरून करतात, त्याचे ठरलेले निकष आहेत. २०१६ सालच्या रोम ४ निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोटात दुखायला हवं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाच्या वेळा बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. सुरुवात किमान सहा महिने आधीची हवी. तुम्ही लिहिलेलं यात बसतं. तपासण्या करतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला.

आता ते 'दुसरं काही'. शौचातून रक्त, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला सूज आणणारे आजार असणं, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेला त्रास, आणि कारण नसताना उतरलेलं वजन. यातलं एकही असेल तर आयबीएसच्या गप्पा थांबवायच्या आणि डॉक्टरांकडे जायचं. तुमचं वजन उतरलंय, त्यामुळे ही गोष्ट मी तशीच सोडणार नाही. पोळी, डाळ, दूध सोडून भात, बटाटा आणि साबुदाण्यावर राहिलेल्या माणसाचं वजन उतरणारच, आणि बहुधा तुमचं तेच झालंय. पण 'बहुधा'वर थांबायचं नसतं. वजन खाणं कमी केल्यानंतर उतरायला लागलं की त्याच्या आधीपासूनच, हे तुम्हीच आठवून सांगू शकता. आधीपासून असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही अजून दिसतो, आणि सुरुवातीला तो असाच मोघम असतो.

दुसरी एक बारीक गोष्ट, पण माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची. सिलिॲक आजारासाठी (यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते) रक्ताची टीटीजी-आयजीए नावाची तपासणी असते. ती करताना माणूस रोज गहू खात असावा लागतो. गहू सोडून काही महिने झाले आणि मग रक्त दिलं, तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तुमच्या रक्ततपासण्यांच्या यादीत ही झाल्याचं दिसतंय, पण ती गहू सोडण्यापूर्वी की नंतर, ते कळत नाही. नंतर झाली असेल तर डॉक्टरांशी बोलून काही आठवडे गहू परत सुरू करायचा आणि तपासणी पुन्हा करायची. कोलोनोस्कोपीपेक्षा हे स्वस्त आणि तुमच्यासाठी जास्त उपयोगाचं. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची तपासणी झाली नसेल तर तिच्याबद्दलही विचारा. आतड्याला सूज आहे की नाही याचा बऱ्यापैकी अंदाज त्यातून येतो, आणि पुन्हा दुर्बीण घालायची की नाही हे ठरवणं सोपं जातं. जिआर्डिया या परजीवीसाठी शौच तपासणीही एकदा झालेली बरी.

'जुनी आव आहे' म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मेट्रोनिडाझोलचा कोर्स घेणारे लोक मी खूप पाहिलेत. तपासणीत अमीबा सापडलेला नसताना असे कोर्स पुन्हा पुन्हा घेऊ नका.

मग रिपोर्ट नॉर्मल असताना का दुखतं? आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्याची मेंदूशी दोन्ही बाजूंनी सतत देवाणघेवाण चालते. आयबीएसमध्ये आतड्याची रचना ठीक असते, बिघाड या देवाणघेवाणीत असतो. जेवढ्या गॅसने किंवा ताणाने मला काही जाणवणार नाही, तेवढ्याने तुम्हाला कळ येते. शेजारच्या घरातला मिक्सर सगळ्यांना ऐकू येतो, पण अर्धशिशीवाल्याला तो सहन होत नाही, तसं. शिवाय आतड्याची हालचाल कधी फार जलद होते, कधी मंद. जोराच्या संसर्गजन्य जुलाबानंतर साधारण दहातल्या एकाला असा त्रास मागे राहतो. तुमची सुरुवात लग्नाच्या जेवणानंतर झाली, म्हणजे तुम्ही बहुधा त्या दहातले एक. या प्रकारात बऱ्याच जणांचा त्रास काही वर्षांत हळूहळू ओसरतो, ही त्यातली बरी बाजू.

म्हणून 'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य मला आवडत नाही. ते अर्धवट आहे आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मी नाटक करतोय असं यांना म्हणायचंय. ताणामुळे आतड्याची हालचाल बदलते हे खरं. पण तुमच्या बाबतीत पोटामुळे ताण आणि ताणामुळे पोट असं दोन्ही चाललंय. लोकलमध्ये संडास नसतो. डोंबिवलीला चढलात की पुढच्या फास्ट गाडीच्या थांब्यापर्यंत तुम्ही अडकलात, हे शरीराला पाठ झालंय, आणि म्हणून फलाटावर पाय ठेवताच कळ येते. त्यात सकाळी काही पोटात गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही प्रत्येकाच्या शरीरातली नेहमीची क्रिया. रिकाम्या पोटी दोन कप चहा, घाईघाईत चार घास आणि लगेच स्टेशनकडे धाव. यात पोटाने वेगळं काय करावं!

माझ्याकडे तुम्ही आलात तर पहिल्या भेटीत मी पदार्थांना हातच लावणार नाही. आठ-दहा दिवसांची नोंद मागेन: काय खाल्लं, किती वाजता, कळ कधी आली, शौच कसं झालं, झोप किती, दिवस कसा गेला. शौचाच्या स्वरूपासाठी ब्रिस्टलचा सात चित्रांचा तक्ता वापरतो आम्ही; सांगायला लाज वाटणाऱ्यांना त्याची फार मदत होते, नुसता आकडा सांगायचा. या नोंदीतून अनेकदा असं निघतं की सोमवार ते शुक्रवार आणि शनिवार-रविवार यांतलं खाणं सारखंच, पण सुट्टीच्या दिवशी त्रास निम्मा. तसं दिसलं तर कांदा-लसणामागे लागण्यात फार अर्थ नाही.

मग साध्या गोष्टी. गजर अर्धा-पाऊण तास आधी लावून नाश्ता घरी, बसून, म्हणजे जे काय व्हायचं ते निघण्याआधी होईल. उपाशी राहून प्रवास करणं, जे तुम्ही आता करताय, त्याने कार्यालयात पोहोचल्यावर दुप्पट खाल्लं जातं आणि संध्याकाळ बिघडते. चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कपांच्या आत. तळलेलं एका वेळी कमी. वडापाव खाल्ल्यावर दुखलं की लोक पावातल्या मैद्याला दोष देतात, तेलाकडे कुणी बघत नाही. शुगरफ्री च्युइंगम आणि गोळ्या बंद, त्यातलं सॉर्बिटॉल जुलाब करतं. कोंडा घातलेल्या पोळ्या आणि ब्रॅनची पाकिटं नकोत, त्यांनी आयबीएसवाल्याचं पोट अधिकच फुगतं. इसबगोल मात्र चालतं. ते बद्धकोष्ठावरचं औषध म्हणून सगळ्यांना माहीत असतं, पण ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पातळ होणाऱ्यांचं शौचही थोडं बांधलं जातं. एक चमचा, भरपूर पाण्याबरोबर, आठवड्याभराने वाढवत. पहिले काही दिवस गॅस होतो, त्याला घाबरून सोडू नका. एवढ्यावरच ज्यांचं भागतं असे लोक तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरेच असतात.

ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी पुढची पायरी फॉडमॅप. तुम्ही याचंच अर्धं रूप इंटरनेटवर वाचून केलंय, असं दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी ही पद्धत बांधली. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पुढे जाऊन पाणी ओढतात, जिवाणू त्यांवर वायू करतात. गहू, कांदा, लसूण यांतली फ्रुक्टॅन्स, चणे-राजमा-चवळीतली गॅलॅक्टन्स, दुधातली लॅक्टोज, सफरचंद-आंब्यातली जादा फ्रुक्टोज, फ्लॉवर आणि मशरूममधली मॅनिटॉल, हीच ती फॉडमॅप मंडळी. पद्धतीच्या तीन पायऱ्या आहेत: दोन ते सहा आठवडे कमी करायचं, मग एकेक गट ठरावीक प्रमाणात परत आणून बघायचा, आणि शेवटी ज्याने खरंच त्रास होतो तेवढंच मर्यादेत ठेवायचं. इंटरनेटवर लोक पहिली पायरी चढतात आणि तिथेच बसून राहतात. तुम्हीही तिथेच आहात. शाकाहारी माणसाने दूध आणि डाळ दोन्ही सोडलं की प्रथिनं, कॅल्शियम, बी-१२ कुठून येणार? बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, थकवा असेल तर त्याचं अर्धं उत्तर कदाचित तिथेच मिळेल.

म्हणून तुमच्यासाठी मी दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करेन. आधी मूगडाळ, पातळ वरणाच्या रूपात, अर्धी वाटी. तीन दिवस बघायचं. मग थोडी वाढवायची. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिलं की त्रासदायक शर्करा कमी होतात, मसूर-मूग असं करून बऱ्याच जणांना चालतात. चवळी आणि राजमा शेवटी. दूध एकदम ग्लासभर नको, आधी दही, पनीर, मग चहातलं दूध. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी कपभर दुधाइतकी लॅक्टोज सोसते, त्यामुळे कटिंग चहातल्या दोन घोट दुधाने तुमचं पोट बिघडत असेल यावर माझा फारसा विश्वास नाही. गव्हाचं सिलिॲकच्या तपासणीवर अवलंबून. ती गहू चालू असताना होऊन नॉर्मल आली तर 'ग्लुटेन' हा शब्द विसरा; तुम्हाला त्रास असलाच तर गव्हातल्या फ्रुक्टॅनचा, आणि त्याला प्रमाण असतं. एक पोळी चालेल, चार चालणार नाहीत. तोवर ज्वारीची आणि तांदळाची भाकरी आहेच.

कांदा-लसणाविना घरचं जेवण बेचव होतं, ही तक्रार सगळ्यांची. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत ही कला अजून शिल्लक आहे, आजीला किंवा सासूबाईंना विचारा. फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. तेव्हा फोडणीत लसणाच्या अख्ख्या पाकळ्या परतून, भाजी किंवा पाणी घालण्याआधी काढून टाकल्या, तर वास आणि चव राहते, त्रास राहत नाही. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चालतो. हिंग चालतो. मात्र बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, तेव्हा उद्या सिलिॲक निघाला तर डबीवरचं लेबल वाचावं लागेल.

हे सगळं कुणाला लागू नाही तेही सांगते. खाण्याची भीती बसलेले, खूप बारीक, गरोदर बायका, वाढीच्या वयातली मुलं, एकटे राहणारे वयस्क, यांना मी फॉडमॅप कमी करायला सहसा सांगत नाही. बद्धकोष्ठाच्या आयबीएसलाही वरचं बरंचसं वेगळ्या प्रमाणात लागतं. आणि रक्त घेऊन दोनशे पदार्थांची 'फूड इनटॉलरन्स' यादी देणाऱ्या ज्या आयजीजी तपासण्या विकल्या जातात, त्यांवर पैसे घालवू नका. बहुतेकदा तुम्ही रोज खाता तेच पदार्थ त्यात लाल रंगात येतात.

औषधांबद्दल. तुम्हाला दिलेली गोळी बहुधा आतड्याचा पिळा सोडवणारी आहे, ती जेवणाआधी घ्यायची की नंतर हे डॉक्टरांना नीट विचारा, कारण ती चुकीच्या वेळी घेऊन 'काही फरक नाही' म्हणणारे खूप. जुलाब रोखणाऱ्या लोपेरामाइडबद्दल प्रवासाच्या दिवसांपुरतं विचारता येईल. आणि डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन लिहून दिलं तर 'ही तर डिप्रेशनची गोळी' म्हणून फेकून देऊ नका. नैराश्यासाठी लागतो त्याच्या कितीतरी कमी मात्रेत, १० ते ३० मिलिग्रॅम, ते आतड्याकडून येणाऱ्या वेदनेच्या संदेशांवर काम करतं आणि आतड्याची गतीही थोडी मंदावतं, जी तुमच्या प्रकारात हवीच आहे. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या रुग्णांवर सहा महिन्यांचा मोठा अभ्यास झाला, २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात याचा फायदा स्पष्ट दिसला. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते, ते सांगून-सवरून घ्यायचं. चूर्णांबाबत एक सूचना: 'पोट साफ' करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. सकाळी चार वेळा जाणाऱ्या माणसाने ती रात्री घेणं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा. वैद्यांकडे जात असाल तर त्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही एकमेकांची औषधं दाखवा.

राहता राहिला लोकलचा प्रश्न, आणि माझ्या अंदाजाने तुमचं आयुष्य सगळ्यात जास्त तिथेच अडलंय. यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची मदत घ्या म्हटलं की निम्मे लोक पुन्हा येत नाहीत. १९८४ साली मँचेस्टरमध्ये पीटर व्होरवेल यांनी इतर उपायांनी बऱ्या न झालेल्या आयबीएसच्या रुग्णांवर पोटावर केंद्रित संमोहनोपचार करून पाहिले आणि ते उपयोगी पडले. तेव्हापासून संमोहन आणि सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार), दोन्हींचा आयबीएसमध्ये चांगला अभ्यास झालाय. पोटासाठीच्या संमोहनात प्रशिक्षित माणसं आपल्याकडे मोजकी, पण सीबीटी करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठाणे-मुंबईत मिळतात. आमच्याकडच्या सायकॉलॉजिस्ट साधारण असं करतात: आधी श्वासाचा आणि स्नायू सैल सोडण्याचा सराव घरी. मग रविवारी स्लो लोकल, डोंबिवली ते दिवा, उतरायचं, परत यायचं. मग मुंब्रा, कळवा, ठाणे. स्लो गाडी दर काही मिनिटांनी थांबते, म्हणजे दार उघडं आहे हे मनाला माहीत असतं. कुठल्या स्टेशनवर स्वच्छतागृह कुठे आहे ते एकदा नीट बघून ठेवायचं. मग कामाच्या दिवशी स्लो, आणि शेवटी फास्ट. कळ आली तरी दर वेळी उतरायचं नाही, मिनिटभर थांबून ती ओसरते का बघायचं, पुष्कळदा ओसरते. जमल्यास कार्यालयात उशिरा यायची सवलत मागा. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र मिळू शकतं, मागायला संकोच करू नका.

इथवरचं एकत्र करायचं तर क्रम असा: निदानातली सिलिॲकची आणि वजनाची फट बुजवणं, मग सकाळची घडी बसवणं आणि इसबगोल, मग डाळ-दूध परत आणणं, आणि त्याच सुमारास लोकलचा सराव. एका वेळी एकच बदल, किमान दोन आठवडे. सगळं एकदम केलं तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळत नाही. आणि यासाठी एक डॉक्टर धरा. चौथा डॉक्टर शोधायचाच असेल तर शोधा, पण मग त्यांच्याकडे वर्षभर राहा, सगळी फाइल घेऊन. दर नवीन डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो, तपासण्या पुन्हा होतात, आणि 'काहीतरी लपलंय' ही शंका वाढत जाते. आहारतज्ज्ञ निवडताना पोटविकाराच्या विभागात काम केलंय का ते विचारा, आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डायटिशियन) नोंदणी आहे का ते बघा. पहिल्याच भेटीत छापील डाएट हातात देणाऱ्यांकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

कायमचं बरं होतं का? काहींचं होतं, तुमच्यासारख्या संसर्गानंतरच्या प्रकारात जास्त. इतरांचं कमी-जास्त होत राहतं, परीक्षा, लग्नसराई, नवी नोकरी आली की डोकं वर काढतं. याचा कर्करोग होत नाही, आतडं झिजत नाही. कोलोनोस्कोपी पुन्हा नको, जोवर रक्त, ताप, रात्रीचे जुलाब किंवा पोटभर खाऊनही उतरणारं वजन यांतलं काही नवीन येत नाही, किंवा कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं निघत नाही. तुमच्या फाइलमध्ये टीटीजीच्या रिपोर्टवरची तारीख बघा, गहू कोणत्या महिन्यात सोडला ते आठवा, आणि दोन्ही इथे लिहा. गव्हाचं काय करायचं ते त्यावरून सांगते.